ओळखी वाढतात कुठे?
स्वतंत्र गायकाला कामं बहुतेकदा साथीदारांकडूनच कळतात. तबलजी आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे वाजवतो. कुणाला ऐनवेळी गायक हवाय, हे त्याच्या कानावर आधी येतं. म्हणून त्याची बिदागी त्याच रात्री चुकती करावी. (हे न पाळणारेच ‘कामं मिळत नाहीत’ म्हणतात!) कोल्हापूरचा देवल क्लब, भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापलेला पुण्याचा भारत गायन समाज, अशा संगीतसंस्थांमध्ये नुसतं श्रोता म्हणूनही जावं. अशा ओळखींतून एखादं गाणं मिळून केलं असेल, तर कुणाचा किती वाटा ते रेकॉर्डिंगआधीच लिहून ठेवावं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या ‘आयपीआरएस’कडे (स्थापना १९६९) गाणं नोंदवताना हा वाटा टक्क्यांत सांगावा लागतो.