दुर्गम म्हणजे कुणापासून लांब?



आपल्या वरणगावातून उत्तरेला नजर टाकली की तापीच्या पलीकडे सातपुड्याची निळी रेघ दिसते. लहानपणापासून आपण ती बघतो. पण त्या रेघेच्या आत कोण राहतं, कसं राहतं, हे आपल्याला फारसं ठाऊक नसतं. केळीच्या बागेत, कापूस वेचायला, ऊसतोडीला भिल्ल, पावरा, बारेला कुटुंबं आपल्याकडे येतात. आपण त्यांना 'डोंगरातली माणसं' म्हणतो आणि विषय संपवतो. आज तो विषय जरा उघडू या.

आम्ही बोलणार आहोत ते अक्राणी तालुक्याबद्दल. जिल्हा नंदुरबार, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला. म्हणजे गाव आपल्याच खानदेशातलं. भुसावळहून सुरतेकडच्या गाडीने नंदुरबार, तिथून बसने घाट चढून तालुक्याचं गाव धडगाव, पुढे जीपने डांबर असेल तिथपर्यंत आणि मग पायी. नर्मदाकाठच्या पाड्यांवर जायचं तर शेवटचा टप्पा नावेचा. सरकारी कागदात याला एक शब्द आहे, 'दुर्गम'. आमचा आजचा प्रश्न एवढाच की दुर्गम म्हणजे नेमकं कुणापासून लांब?

आधी गाव कसं असतं ते सांगतो. आपल्यासारखी घराला घर लागून वस्ती तिथे नसते. एका गावाचे अनेक पाडे, आणि पाड्यातली घरंही आपापल्या शेताजवळ, टेकडीटेकडीवर विखुरलेली. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, वर कौलं. उतारावरच्या शेतात मका, ज्वारी, तूर, उडीद, भगर. जंगलातून मोहाची फुलं, चारोळी, डिंक. उन्हाळ्यात घरोघर कैऱ्या कापून वाळत घालतात. धडगावच्या बाजारातून तो आमचूर बाहेर जातो. पेरणी, निंदणी, घर शाकारणं ही कामं 'लाह'वर होतात. आज सगळ्यांनी माझ्याकडे यायचं, उद्या आपण सगळ्यांनी तुझ्याकडे. मजुरी नाही, फक्त जेवण.

आता नर्मदा. महाराष्ट्राच्या हद्दीवरून ती सुमारे ५४ किलोमीटर वाहते. पलीकडे मध्य प्रदेश आणि गुजरात. आपल्याला ती राज्याची सीमा वाटते, पण तिथल्या लोकांना ती वाट होती. डोंगीत बसायचं, पलीकडे जायचं, बाजार करायचा, पाहुण्यांकडे राहायचं. सोयरिकी दोन्ही काठांवर. काठावर गाळाची सुपीक जमीन आणि ताटात मासळी. त्या लोकांच्या लेखी गाव लांब नव्हतंच, मुंबई लांब होती.

मग सरदार सरोवर आलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडिताखाली धरली गेली. मणिबेली त्यातलं पहिलं. धरणाची उंची वाढत वाढत १३८.६८ मीटरला पोचली आणि २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले. बरीच कुटुंबं तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत गेली. जे वर डोंगरावर सरकले त्यांच्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. काही टेकड्या तीन बाजूंनी पाण्याने वेढल्या. जिथे हाक मारली की ऐकू जायची, तिथे आता नाव लागते.

इथे बसलेल्यांत हतनूरच्या फुगवट्यात जमीन गेलेली मंडळी असतील. त्यांना हे समजावून सांगायला नको. पण एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे सातबारा होता. अक्राणी-अक्कलकुव्यात कित्येक गावं 'वनगावं' होती. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन, पण कागदावर मालक वनखातं आणि कसणारा अतिक्रमणदार. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, आणि जमीन बुडाली तर भरपाई मागायला पुरावा नाही. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये जमिनीच्या बदल्यात किमान २ हेक्टर जमीन ठरवली खरी, पण आधी खातेदार म्हणून नाव लागायला हवं ना! वनहक्क कायदा आला तो २००६ मध्ये. म्हणजे गाव आधी कागदावर दुर्गम झालं.

याची किंमत कळते ती आजारपणात. पावसाळ्यात बाळंतीण अडली की बांबूला चादरीची झोळी बांधायची आणि चौघांनी आळीपाळीने खांदा देत उतरायचं. २०२१ च्या सप्टेंबरात चांदसैली घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला. आजारी बायकोला खांद्यावर घेऊन एक नवरा चालत निघाला. ती वाटेतच गेली. दवाखाना होता, डॉक्टर होते, औषधं होती. मधला रस्ता नव्हता.

दुसरी गोष्ट २०२० ची. टाळेबंदीत पाड्यांवरच्या आया पोषण आहार घ्यायला येईनाशा झाल्या. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविकेने मासेमारीची नाव घेतली आणि स्वतः वल्हवत, जाऊन-येऊन सुमारे १८ किलोमीटर, त्यांच्यापर्यंत गेली. बाळांची वजनं घेतली, गरोदर बायांची तपासणी केली. म्हणजे बघा, नदी तीच आणि डोंगर तोच. कुणी कुणाकडे जायचं, एवढंच तिने उलटं केलं.

शाळेचंही असंच. मूल घरी पावरी किंवा भिली बोलतं आणि पहिलीत एकदम पुस्तकी मराठी समोर येते. त्यात दिवाळीनंतर आईबाप गुजरातेत ऊसतोडीला निघाले की शाळा सुटलीच. नर्मदा बचाव आंदोलनाने नव्वदीच्या सुरुवातीला जीवनशाळा काढल्या, त्या याच पेचातून. शाळा पाड्यावर, राहायची सोय तिथेच आणि सुरुवात मुलाच्या बोलीतून.

जगात इतरत्रही असंच आहे. पापुआ न्यू गिनीत राजधानी पोर्ट मोर्स्बीहून मधल्या डोंगराळ प्रदेशात जायला आजही सलग रस्ता नाही. आतल्या कित्येक गावांत छोटं विमान उतरलं तरच औषध पोचतं. तिथली माणसं मात्र हजारो वर्षं शेती करत आली आहेत. मागास असल्यामुळे ती लांब राहिली असं नव्हे. त्यांच्याकडे जायची सोय कुणी केली नाही.

तेव्हा आमचं म्हणणं इतकंच: दुर्गमपणा डोंगर थोडा करतो, बाकीचा माणसं करतात. आणि माणसांनी केलेलं माणसांना कमी करता येतं.

आपण वरणगावचे लोक घाटात रस्ता बांधू शकत नाही, कबूल. पण तीच कुटुंबं हंगामात आपल्या बांधावर उतरतात. त्यांचं मूल जवळच्या शाळेत बसवा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही किंवा वर्ष अर्धं झालं, म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. शिधापत्रिका आता दुसऱ्या गावच्या दुकानातही चालते. हे मुकादमाला नाही, त्या बाईला सांगा. पाळण्यातलं बाळ असेल तर अंगणवाडीताईंना कळवा. घरापासून तीनशे किलोमीटरवर येऊनही जर ते मूल शाळेला आणि डोसाला मुकलं, तर सातपुड्याला दोष कसा देणार? मग दुर्गम आपलंच गाव म्हणायचं.

पुढच्या खेपेला बागेत ते कुटुंब दिसलं की एवढं तरी विचारा, "गाव कोणतं तुमचं?" तिथून सुरुवात होते.