एका जागेवर अनेक वायू

एप्रिल 2021. कोविडच्या लाटेत रुग्णालयांबाहेर ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगा होत्या. त्याच दिवसांत आयआयटी मुंबईत नायट्रोजन बनवणाऱ्या एका यंत्रातली कार्बनची चाळणी काढून झिओलाइट भरलं गेलं आणि त्यातून 93 ते 96 टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळाला. घन पदार्थावर कोणता वायू किती बसेल याचं गणित मांडणं हे माझं काम, त्यामुळे ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली.

झिओलाइटच्या सूक्ष्म पोकळ्यांमध्ये सोडियमचे आयन असतात. ऑक्सिजनपेक्षा नायट्रोजनच्या रेणूला ते अधिक जोराने ओढतात. खोलीच्या तापमानाला, एक वातावरण दाबाला, 13एक्स जातीचं झिओलाइट ऑक्सिजनच्या अंदाजे तिप्पट नायट्रोजन धरतं. हवा दाबून आत सोडली की नायट्रोजन अडकतो, ऑक्सिजन पुढे जातो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो आणि झिओलाइट पुन्हा तयार. हवेतला सुमारे एक टक्का आर्गॉन मात्र ऑक्सिजनसारखाच वागतो, त्याच्यासोबतच बाहेर येतो. म्हणून शुद्धता 96 टक्क्यांच्या आसपास थांबते.

हे तिप्पटीचं माप एकेका शुद्ध वायूचं. ते घेणं सोपं: वायू सोडायचा, वजन किती वाढलं ते पाहायचं. मिश्रणात वजन एकूण किती बसलं ते सांगतं, कुणाचा वाटा किती ते सांगत नाही. त्यासाठी उरलेल्या वायूचं पृथक्करण लागतं, तेही प्रत्येक तापमानाला, दाबाला आणि प्रमाणाला. इतके प्रयोग कोण करणार? आणि शुद्ध वायूंचे आकडे नुसते शेजारी मांडून चालत नाही, कारण जागा एकच असते. दाब वाढला, गर्दी झाली, की घट्ट धरला जाणारा वायू दुसऱ्याला हुसकावतो.

1965 मध्ये ॲलन मायर्स आणि जॉन प्राउस्निट्झ यांनी यावर वाट काढली. पृष्ठभागावर बसलेल्या थराला आदर्श द्रावण माना, म्हणाले ते. द्रव मिश्रणांना लागू होणारा राउल्टचा नियम मग इथेही लावता येतो. अट एवढीच, की त्या थरातल्या प्रत्येक वायूचा पृष्ठभागावर पसरण्याचा दाब सारखा धरायचा. शुद्ध वायूंच्या मोजमापांवरून मिश्रणाचं भाकीत! मला हा विचार आजही फार देखणा वाटतो, आणि नवा पदार्थ हाती आला की मी पहिलं गणित याच रीतीने करते.

पण पृष्ठभागावरच्या सगळ्या जागा सारख्या नसतात आणि रेणू एकमेकांशी आदर्श वागतातच असं नाही. पाण्याची वाफ तर झिओलाइटला अशी चिकटते, की इतरांना जागाच उरत नाही आणि ती नुसता दाब उतरवून सहज निघतही नाही. तिथे ही रीत तोकडी पडते. तिथे मिश्रणाचं प्रत्यक्ष मोजमापच करावं लागतं, त्याला पर्याय नाही.

तुमच्या गावच्या रुग्णालयात असं ऑक्सिजन संयंत्र असेल, तर त्याची देखभाल करणाऱ्यांना एवढं जरूर विचारा: हवा कोरडी करणारा ड्रायर नीट चालतो ना? ओल आत गेली, की नायट्रोजन अडकणं कमी होतं आणि रुग्णापर्यंत पोचणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता घसरते.