पोरगा बी.एस्सी. झाला, आता पुढं कुठं घालू?

सभासद बंधूंनो, निकाल लागले की शेतकी कचेरीत ऊसनोंदीच्या खालोखाल हीच विचारणा होते. आपण विचारतो कॉलेजचे नाव. आधी विचारावे ते काम : पोराला कारखान्यात उभे राहायचे आहे की धुऱ्यावर?

रस निवळणे, पाक आटवणे, साखर पाडणे हे रसायनाचे काम. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यासाठी कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था (स्थापना १९३६) आणि पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (१९७५) येथे साखर तंत्रज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण आहे. यंत्र अभियांत्रिकीवाल्याला साखर अभियांत्रिकी. गळितात रात्रपाळी चुकत नाही, हे मात्र पोराला आधीच सांगा.

कृषी पदवीधराला एम.एस्सी., दोन वर्षांची. आपला जिल्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या (१९६९) कार्यक्षेत्रात येतो; नागपूरचे १९०६ सालचे कृषी महाविद्यालय त्याचेच. तरी उसातच जीव असेल त्याने राहुरीचाही विचार करावा. पाडेगावचे १९३२ पासूनचे ऊस संशोधन केंद्र राहुरी विद्यापीठाकडे आहे. को ८६०३२ हे वाण महाराष्ट्रात रुजवण्यात त्या केंद्राचा मोठा वाटा आहे.

खरी मेख आहे ती विभागात. माझ्या पुतण्याला उसाच्या खोडकिडीवर काम करायचे होते. अर्जात विभागांचा पसंतीक्रम भरताना घरात कोणी लक्ष दिले नाही. मी स्वतः फक्त वसतिगृहाचा खर्च विचारला! मिळाला विस्तार शिक्षण विभाग. विषय वाईट नाही, कारखान्यालाही तसली माणसे लागतात. पण पोराची दोन वर्षे गावोगाव प्रश्नावल्या भरून घेण्यात गेली आणि कीड राहिली बांधापलीकडे. ऊसबिलाचे पैसे गेले ते वेगळेच.

म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी एकदा जाऊन या. भंडारा रोडवरून अकोल्याला रेल्वेने सरळ जाता येते. प्राध्यापकांना विचारा : तुमचे विद्यार्थी कोणत्या पिकावर काम करतात? प्रक्षेत्रावर ऊस उभा आहे काय? मागचे विद्यार्थी कुठे लागले? भिडस्तपणा नको. आणि खाणावळीत शेवटच्या वर्षाच्या पोरांशेजारी जेवायला बसा. कोण मार्गदर्शक वेळ देतो नि कोण प्रबंध महिनोन्महिने टेबलावर ठेवतो, हे ती पोरं न विचारता सांगतात.

पुतण्याचा धाकटा भाऊ यंदा असाच जाऊन आला. कीटकशास्त्र त्याने पहिल्या क्रमांकावर घातले आहे. यादी अजून लागायची आहे.