मराठी वळणाचे इंग्रजी

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी भाषकाच्या लेखनात व्याकरणाच्या ज्या चुका आढळतात, त्यांचे कारण बहुधा अपुरा अभ्यास किंवा निष्काळजीपणा असे सांगितले जाते, आणि लाल शाईने चुकीचे रूप खोडून वर योग्य रूप लिहिले की शिक्षकाचे काम संपले असे समजले जाते. परंतु अशा चुका अनेक वह्यांतून वेचून शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्यांतील पुष्कळशा एकाच घडणीच्या निघतात, आणि त्या घडणीचा माग काढत गेल्यास तो मराठीच्या व्याकरणापाशी जाऊन थांबतो. विद्यार्थी नियम पाळूनच वाक्य रचत असतो, फक्त तो नियम मराठीचा असतो. ही गोष्ट ध्यानात घेतली, तर चुका दुरुस्त करण्याची रीतच बदलावी लागेल, असे येथे मांडायचे आहे.

पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या काठी आणि पुणे-दौंड लोहमार्गावर वसलेल्या मांजरीसारख्या ठिकाणी या प्रश्नाला रोजच्या व्यवहाराचे वजन आले आहे. ऊस आणि भाजीपाला पिकवणाऱ्या या परिसरात १९७५ साली स्थापन झालेली आणि पुढे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागलेली साखर-संशोधन संस्था आहे, १९९७ साली सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि लसनिर्मितीचा मोठा उद्योग आहे. शेजारच्या हडपसर-मगरपट्ट्यात संगणक क्षेत्रातील कंपन्या आहेत. २०२१ साली मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी इंग्रजीची गरज क्वचितच पडत असे, त्या घरांतील तरुणांना आता अहवाल, ईमेल आणि मुलाखत या तिन्ही ठिकाणी इंग्रजी वापरावे लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, त्यापूर्वी ते पाचवीपासून होते. त्यामुळे एकाच कुटुंबात दोन वेगवेगळ्या वयांत इंग्रजीची ओळख झालेली माणसे भेटतात, आणि तरीही दोघांच्या काही चुका अगदी सारख्या असतात.

या सारखेपणाकडे भाषाविज्ञानाचे लक्ष विसाव्या शतकाच्या मध्यास गेले. अमेरिकेतील रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली असे प्रतिपादन केले, की मातृभाषा आणि शिकायची भाषा यांची रचना समोरासमोर ठेवून तुलना केली, तर शिकणाऱ्याला कोठे अडचण येईल हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येते. या पद्धतीला व्यतिरेकी विश्लेषण, म्हणजे दोन भाषांतील फरकांचे विश्लेषण, असे म्हणतात. त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी भाषकांच्या इंग्रजीवरील शोधनिबंध ‘वर्ड’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दीर्घकाळ अध्यापन केलेल्या केळकरांनी त्यात उच्चारांचा विचार केला होता, परंतु मराठी माणसाच्या इंग्रजीला स्वतःची व्यवस्था आहे आणि ती अभ्यासाचा विषय होऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी शिकणाऱ्याची चूक ही त्याच्या मनात त्या क्षणी कोणता नियम आहे याचा पुरावा असते असे म्हटले, आणि १९७२ साली लॅरी सेलिंकर यांनी मातृभाषा व परभाषा यांच्या मधल्या या अवस्थेला आंतरभाषा हे नाव रूढ केले. सगळ्याच चुका मातृभाषेतून येत नाहीत, हेही याच संशोधनातून पुढे आले. ‘गो’चे भूतकाळी रूप ‘गोड’ करणारे मूल पुण्यातही सापडते आणि लंडनमध्येही, कारण तेथे शिकलेला नियम अपवादाच्या जागीही लावला गेलेला असतो.

मराठी वळणाची सर्वांत ठळक चूक काळाच्या रूपांत दिसते. ‘मी काल सासवडला गेलो होतो’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे, आणि ते इंग्रजीत नेताना विद्यार्थी ‘आय हॅड गॉन टू सासवड यस्टरडे’ असे लिहितो. मराठीत ‘गेलो होतो’ या रूपातून जाणे घडले, ते संपले आणि जाणारा परतही आला, असा अर्थ निघतो. नुसते ‘मी काल सासवडला गेलो’ म्हटले, तर ऐकणारा पुढे काय झाले याची वाट पाहतो. इंग्रजीत याच्या नेमके उलट घडते. तेथे साधा भूतकाळ स्वयंपूर्ण असतो आणि ‘हॅड’ असलेले रूप दुसऱ्या एखाद्या भूतकालीन घटनेच्या आधी काय घडले होते हे सांगण्यासाठी राखून ठेवलेले असते, म्हणून ‘हॅड गॉन’ ऐकणारा इंग्रजी भाषक ‘कशाच्या आधी?’ असा प्रश्न मनात धरून थांबतो. ‘मी काल अर्ज दिला आहे’ या वाक्याचेही असेच होते. अर्ज दिल्याचा परिणाम अजून टिकून आहे हे मराठीला ‘आहे’ने दाखवायचे असते आणि शेजारी ‘काल’ असण्याला तिची हरकत नसते. इंग्रजीतील ‘हॅव गिव्हन’ला मात्र ‘यस्टरडे’सारखा संपून गेलेला निश्चित काळ चालत नाही.

या गोंधळात शालेय परिभाषेचाही वाटा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे १८३६ सालचे मराठी व्याकरण इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर रचलेले होते, आणि मराठी शाळेत शिकवले जाणारे पूर्ण वर्तमानकाळ, पूर्ण भूतकाळ हे विभागही इंग्रजीतील विभागांशी जुळणारे आहेत. एकाच नावाची दोन रूपे एकाच कामाची असणार, असे विद्यार्थ्याने गृहीत धरले तर त्याला दोष देता येत नाही. रूपांची घडण खरोखरच समांतर आहे, वेगळा आहे तो त्यांचा वापर, आणि तक्त्यात वापर दिसत नाही. काळांचा तक्ता पाठ करून घेतल्यावरही ही चूक टिकून राहते ती यामुळेच.

कालावधी सांगतानाही मराठी आपला मार्ग सोडत नाही. ‘मी पाच वर्षांपासून मांजरीत राहतो’ या वाक्यात क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे आणि ‘पासून’ हे एकच शब्दयोगी अव्यय आरंभबिंदू व कालखंड या दोहोंसाठी चालते, जसे ‘२०१९पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’. त्यातून ‘आय ॲम लिव्हिंग इन मांजरी सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य तयार होते, ज्यात एकाच वेळी दोन चुका आहेत: इंग्रजीला येथे ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे असते, आणि कालखंडासाठी ‘फॉर’, आरंभबिंदूसाठी ‘सिन्स’ अशी विभागणी हवी असते.

‘आय डिड नॉट वेन्ट’ ही चूक पुष्कळ शिक्षकांना सर्वाधिक खटकते, पण तिचे स्पष्टीकरण सर्वांत सोपे आहे. ‘मी गेलो नाही’ या वाक्यात भूतकाळ मुख्य क्रियापदावर असतो आणि ‘नाही’ त्यानंतर येते. नकारामुळे ‘गेलो’च्या रूपात काहीच बदल होत नाही. इंग्रजीत नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळ मुख्य क्रियापदावरून उतरून ‘डिड’ या साहाय्यक क्रियापदावर जातो आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात उरते. एका वाक्यात काळ एकदाच दाखवायचा, हा नियम विद्यार्थ्याला सांगितला, तर ‘डिड यू वेन्ट’ही त्याच वेळी सुटते.

उपपदांचा, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या नामापूर्वी येणाऱ्या शब्दांचा, प्रश्न यापेक्षा अवघड आहे. मराठीत उपपदे नाहीत असे शिकवले जाते आणि ते खरेही आहे, पण त्यावरून मराठीत निश्चित-अनिश्चित असा भेदच नाही असे समजणे चूक ठरेल. ‘मी डॉक्टर शोधतो आहे’ म्हणणाऱ्याला कोणीही एक डॉक्टर चालतो, आणि ‘मी डॉक्टरांना शोधतो आहे’ म्हणणाऱ्याच्या मनात विशिष्ट डॉक्टर असतात. तसेच ‘दारात माणूस उभा आहे’ आणि ‘माणूस दारात उभा आहे’ या वाक्यांत शब्द तेच असून, दुसऱ्या वाक्यातील माणूस आधीपासून ठाऊक असलेला आहे. जो भेद इंग्रजी उपपदाने दाखवते, तो मराठी विभक्तिप्रत्ययाने, शब्दक्रमाने किंवा ‘एक’, ‘तो’ अशा शब्दांनी दाखवते. हा भेद मराठी मुलाच्या अंगवळणी पडलेलाच असतो. तो कोठे दडलेला आहे हे दाखवून देणारा शिक्षक तेवढा दुर्मीळ आहे.

‘अ’ की ‘ॲन’ हा उपप्रश्न तर देवनागरीच्या मदतीने झटकन सुटतो. पुढील शब्दाच्या स्पेलिंगमध्ये स्वराचे अक्षर असेल तर ‘ॲन’, असा समज सर्वत्र पसरलेला आहे आणि त्यातून ‘ॲन युनिव्हर्सिटी’ व ‘अ एम. एल. ए.’ अशी रूपे निर्माण होतात. वास्तविक हा नियम उच्चाराचा आहे, आणि देवनागरी उच्चाराला धरून चालते. तो शब्द देवनागरीत लिहून पाहावा: ‘युनिव्हर्सिटी’ य या व्यंजनाने सुरू होते म्हणून ‘अ’, ‘वन-वे रोड’ व या व्यंजनाने सुरू होतो म्हणून ‘अ’, तर ‘अवर’ म्हणजे तास आणि ‘एम. एल. ए.’ स्वराने सुरू होतात म्हणून ‘ॲन’. मराठी विद्यार्थ्याला आयताच लाभलेला हा फायदा वर्गात सहसा वापरला जात नाही, याचे वाईट वाटते.

‘माझे वडील साखर कारखान्यात काम करतात’ या वाक्यात आदरार्थी बहुवचन आहे, आणि त्याचे ‘माय फादर वर्क इन अ शुगर फॅक्टरी’ होते. ‘वर्क्स’मधला ‘स’ गळण्याची चूक जगभरच्या शिकणाऱ्यांकडून होते. रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार इंग्रजी मातृभाषा असलेली बालकेही हा प्रत्यय उशिराच आत्मसात करतात. म्हणून तिचे सारे खापर मराठीवर फोडता येणार नाही. मात्र वडील, गुरुजी, सरपंच यांच्याबाबत बोलताना ‘दे’ आणि ‘आर’ येऊ लागले, तर तो मराठीतील आदराचाच परिणाम असतो. एकेरी रूप वापरताना मराठी मुलाला संकोच वाटतो, आणि इंग्रजीत आदर क्रियापदाच्या वचनाने दाखवला जात नाही हे त्याला स्पष्ट सांगावे लागते.

विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये यांतून येणाऱ्या चुकांना मात्र प्रत्येक शब्दासोबत तोंड द्यावे लागते, त्यांना एकच किल्ली नाही. ‘माझ्यावर रागावला’चे ‘अँग्री ऑन मी’, ‘तिच्याशी लग्न केले’चे ‘मॅरीड विथ हर’, ‘त्याविषयी चर्चा केली’चे ‘डिस्कस्ड अबाउट इट’, ‘मला सांगितले’चे ‘टोल्ड टू मी’ होते. अशा शब्दांचा अर्थ पाठ करताना सोबत कोणते अव्यय येते, की येतच नाही, हेही पाठ करणे हाच उपाय आहे. जोडवाक्यांतही मराठी जोडीने चालते: ‘जरी’ला ‘तरी’ हवा असतो, म्हणून ‘ऑलदो’नंतर ‘बट’ येते, आणि इंग्रजीला त्या दोहोंपैकी एकच पुरते. प्रश्नार्थक वाक्यात मराठी शब्दक्रम हलवत नाही, म्हणून ‘व्हॉट यू आर डूइंग’ असे ऐकू येते.

‘आय वॉज देअर ओन्ली’ हे ‘मी तिथेच होतो’चे रूप आणि ‘हॉट हॉट टी’ हे ‘गरम गरम चहा’चे रूप यांचा विचार वेगळा करावा लागतो. निश्चयार्थी ‘च’ आणि शब्दाची द्विरुक्ती या भारतीय भाषांच्या सवयी असून त्या भारतीय इंग्रजीत इतक्या मुरल्या आहेत, की देशातल्या देशात त्यांना चूक म्हणण्याचे फारसे प्रयोजन उरलेले नाही. औपचारिक लेखनात त्या टाळाव्यात, एवढे सांगितले तरी पुरे. शिकवण्याचा वेळ मर्यादित असतो, आणि तो ज्या चुकांमुळे अर्थ बदलतो त्यांच्यावर आधी खर्च व्हावा.

दोन भाषांच्या तुलनेच्या दृष्टीने पाहता मराठी माध्यमातील जुन्या पद्धतीत एक बलस्थान होते. तर्खडकर आडनावाच्याच दुसऱ्या लेखकाच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना दोन्ही भाषांची वाक्ये समोरासमोर ठेवण्याची सवय लागत असे. त्या पद्धतीत बोलण्याला वाव कमी होता हे मान्य करूनही, तुलनेची ती सवय आज सेमी इंग्रजी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मिळत नाही. मराठीचे व्याकरण त्यांच्या बोलण्यात असते, पण त्याची जाणीव नसते, आणि आपल्या इंग्रजीत ते कोठून शिरते हे त्यांना ओळखता येत नाही.

अर्थ बदलवणाऱ्या चुकांत नकारार्थी प्रश्नाचे उत्तर अग्रक्रमाने घ्यायला हवे, कारण त्यात व्याकरणाचा दोष डोळ्यांना दिसतच नाही. ‘फाइल मिळाली नाही का?’ या प्रश्नाला मराठीत ‘हो, मिळाली नाही’ असे उत्तर देता येते, कारण ‘हो’ने विचारणाऱ्याच्या अंदाजाला दुजोरा दिला जातो. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ प्रश्नाच्या घडणीकडे न पाहता वस्तुस्थितीवर ठरतात: मिळाली असेल तर ‘येस’, नसेल तर ‘नो’. परदेशातील सहकाऱ्याने दूरध्वनीवर ‘हॅवन्ट यू रिसीव्ह्ड द फाइल?’ असे विचारले आणि हडपसरच्या कार्यालयातून केवळ ‘येस’ एवढे उत्तर गेले, तर तिकडे फाइल पोहोचल्याची नोंद होते आणि इकडे ती येण्याची वाट पाहिली जाते. अशा प्रश्नाला ‘येस’ किंवा ‘नो’वर न थांबता ‘नो, वी हॅवन्ट रिसीव्ह्ड इट’ असे पूर्ण वाक्य म्हणण्याचा सराव शाळेतच करून घेता येतो, आणि त्यासाठी वेगळ्या पुस्तकाची गरज पडत नाही.