एका डॉलरचं बंधुत्व

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन हे बंदराचं शहर आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या तळघरात १८८१च्या ऑक्टोबरात फादर मायकल मॅकगिव्हनी या तरुण धर्मगुरूने काही गृहस्थांना एकत्र बसवलं आणि २९ मार्च १८८२ रोजी ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही संस्था रीतसर नोंदली गेली. तलवारी, पिसांचे टोप आणि मिरवणुका यांवरून आज लोक तिला ओळखतात. पण तिचा प्राण तिच्या हिशेबात आहे. विमा हा या संस्थेने पुढे थाटलेला व्यवसाय नव्हे; तिची स्थापनाच त्यासाठी झाली.

त्या काळी न्यू हेवनच्या कारखान्यांत राबणारे आयरिश कॅथलिक ऐन उमेदीत मरत. कर्ता पुरुष गेला की घर मोडायचं आणि मुलांची रवानगी अनाथालयात व्हायची. मॅकगिव्हनींचे वडील पितळेच्या कारखान्यात ओतारी होते. १८७३मध्ये ते वारले तेव्हा या थोरल्या मुलाला धर्मशिक्षण अर्धवट टाकून घरी यावं लागलं. मदत देणारी मंडळं होती, पण त्यांतली बरीचशी गुप्त शपथा घेणारी, आणि फ्रीमेसनसारख्या मंडळांत जायला चर्चची सक्त मनाई. तेव्हा कॅथलिकांनी आपलंच मंडळ काढलं. सभासद मेला की बाकीच्यांनी प्रत्येकी एक डॉलर द्यायचा. सभासद हजारावर गेले की विधवेला हजार डॉलर मिळतील आणि प्रत्येकाचा वाटा कमी होत जाईल. आजारी पडून काम सुटलं तर आठवड्याला पाच डॉलरपर्यंत, तेरा आठवडे. इथे विधवेला कुणापुढे पदर पसरावा लागत नव्हता. नवऱ्याने हयातीत इतरांच्या घरांसाठी डॉलर मोजलेले असत, म्हणून ही रक्कम तिच्या हक्काची होती. मला दानापेक्षा हे मोठं वाटतं.

या हिशेबात खोट होती, हा आक्षेप खरा आहे. तरुण आणि म्हातारा सारखीच वर्गणी देत असल्याने तरुणाला आयुष्यभरात जास्त भरावं लागे. संस्थेने पुढे वयानुसार दर ठरवले, आणि ते योग्यच झालं. हिशेब बुडाला असता तर विधवेचा हक्कही बुडाला असता. अब्जावधी डॉलरांच्या विम्यामुळे ही संस्था कंपनीच झाली, असं म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. शंभर वर्षांनंतरचं वचन पाळायचं तर पक्की तिजोरी लागतेच.

दुसरा आक्षेप वर्णभेदाचा; तो मात्र मला खोडता येत नाही. पहिल्या महायुद्धात या संस्थेने छावण्यांत उभारलेली केंद्रं सगळ्या सैनिकांना खुली होती, कृष्णवर्णीयांनाही. पण सभासदत्वासाठी गुप्त मतदान होई आणि त्यात मूठभर विरोधी मतांनी अर्ज फेटाळला जाई. हा नियम १९६४मध्ये बदलला. एकमेकांच्या विधवांची जबाबदारी घेणारं बंधुत्व अनेक ठिकाणी कातडीच्या रंगापाशी थांबलं. फादर मॅकगिव्हनी १८९०मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९०९मध्ये, अलाबामातल्या मोबाइल शहरात कृष्णवर्णीय कॅथलिकांसाठी ‘नाइट्स ऑफ पीटर क्लेव्हर’ ही वेगळी संस्था काढावी लागली. ती आजही चालू आहे.