‘बसायचं का?’ ते ‘आधी वास घे’

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसात, हिंजवडीचा ट्रॅफिक आणि मोबाइलवर ठरलेला मेसेज... ‘बसायचं का?’ माझं आणि व्हिस्कीचं नातं एवढंच होतं. जी ऑफरमध्ये असेल ती, वर ग्लासभर सोडा, समोर मसाला पापड. चव वगैरे कोण बघतंय!

मग ऑनसाइटहून परतलेल्या मित्राने एक सिंगल माल्ट उघडला. स्कॉटलंडच्या आयला बेटावरचा. (हसू नका, बेटाचा उच्चार खरंच तसा आहे!) पहिला वास चक्क दवाखान्याचा. धूर, आयोडीन, ओली माती. मी म्हटलं, ‘‘लोक यासाठी पैसे मोजतात?’’ तो म्हणाला, ‘‘सोडा ठेव बाजूला. थेंबभर पाणी घाल आणि आधी वास घे.’’ अर्ध्या तासाने ग्लास रिकामा होता आणि माझ्या डोक्यात किडा शिरला होता.

हा धूर येतो कुठून? तर बार्ली भिजवून तिला मोड आणतात, आपल्या मटकीसारखेच. ते वाळवताना खाली पीट जाळतात, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या वनस्पतींचा थर. तांब्याच्या भांड्यांतून डिस्टिल होऊन निघते तेव्हा व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. रंग आणि बरीचशी चव देतं ते ओकचं पीप. स्कॉच म्हणवून घ्यायला त्यात किमान ३ वर्षं मुरावं लागतं.

मी पुस्तकं आणली, खास ग्लास आणले, एक वही केली. बंगळुरूच्या ‘अमृत’ने आपला सिंगल माल्ट २००४ मध्ये आधी थेट ग्लासगोत नेऊन विकला, हे वाचून तर कॉलर ताठ झाली. गोव्याची ट्रिपही बीचसाठी नाही, कुंकळ्ळीच्या ‘पॉल जॉन’ डिस्टिलरीसाठी! स्कॉटलंडमध्ये पिपातली साधारण २ टक्के व्हिस्की दर वर्षी हवेत उडून जाते. गोव्याच्या उकाड्यात सुमारे ८ टक्के. या उडालेल्या व्हिस्कीला म्हणतात ‘एंजल्स शेअर’, देवदूतांचा वाटा. मात्र त्याच उकाड्यामुळे आपल्याकडे व्हिस्की मुरतेही लवकर.

घरी आलो तेव्हा कपाटात २३ बाटल्या होत्या. बोनस कुठे गेला, हे बायकोला वेगळं सांगावं लागलं नाही.

एका रविवारी ती माझी वही चाळत बसली होती. मला वाटलं, चला, हिलाही इंटरेस्ट आला! मध, मनुका, जायफळ, पावसात भिजलेलं लाकूड... काय काय लिहिलं होतं मी. ती शांतपणे म्हणाली, ‘‘फेब्रुवारीत एकही तारीख कोरी नाही रे.’’

‘‘अगं, मी पीत नाही, टेस्टिंग करतो.’’

‘‘माझे मामाही रोज घ्यायचे. फक्त लिहून ठेवत नव्हते.’’

तिच्या मामांना लिव्हरने नेलं, आमच्या लग्नाच्या आधी. मला उत्तरच सुचलं नाही. भारी ग्लास आणि भारी शब्द यांच्या आड मी रोज पीत होतो, आणि पुरावा माझ्याच अक्षरात होता.

छंद सोडला नाही, पण नियम केले. सोमवार ते गुरुवार बंद. बाकीच्या दिवशी मोजून एक ३० मिली. एक बाटली संपल्याशिवाय दुसरी नाही. बाहेर घेतली तर घरी रिक्षाने. आणि हो, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परमिटही! दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलंय. तेव्हा ‘माल्ट तब्येतीला चांगला’ वगैरे स्वतःला पटवू नका.

गंमत म्हणजे, शुक्रवारचा तो एक पेग आता जास्त कळतो. वहीही चालू आहे. फक्त त्यात आता कोऱ्या तारखा दिसतात. बायकोने त्यांच्यापुढे पेन्सिलने लिहून ठेवलंय : देवदूतांचा वाटा.