टेस्ट छोटी झाली, पण चूक पकडते का?

टीममधलं कुणी म्हणालं, "शेल टेस्ट सोपी केली, मर्ज करा," तर आधी पाइप शोधा. समजा, पूर्वी दोन पायऱ्या होत्या: गिट लॉगचं आउटपुट फाइलमध्ये घ्यायचं, मग त्यात ग्रेप करायचं. आता एकच ओळ: गिट लॉग, पाइप, ग्रेप. दिसायला छान! पण शेल साधारणपणे पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच एक्झिट कोड धरतं. हवी ती ओळ छापून गिट क्रॅश झालं, तरी टेस्ट पास! म्हणूनच गिट प्रकल्पाचे टेस्ट-नियम सांगतात, गिट कमांड पाइपच्या डावीकडे नको. रिव्ह्यू करताना डावीकडच्या कमांडला आउटपुटनंतर मुद्दाम एरर द्यायला लावा. टेस्ट लाल झाली तरच मंजूर करा. नाहीतर ओळ कमी होते आणि बग थेट ग्राहकाकडे पोचतो.